काट्याची पावती आणि परीक्षेतली कोडी



वाघ, शेळी आणि गवताची पेंढी घेऊन एक माणूस नदीकाठी येतो. नावेत त्याच्याबरोबर एकच काहीतरी मावतं. वाघ आणि शेळी मागं ठेवली तर वाघ शेळी खातो. शेळी आणि गवत ठेवलं तर शेळी गवत खाते. तिन्ही पलीकडे न्यायची कशी? हे कोडं आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं आहे. आणि अडलोही आहोत सगळे एकाच जागी. एकदा पलीकडे नेलेली शेळी परत अलीकडे आणायची असते, हे लवकर सुचत नाही. कोड्यात 'परत आणू नये' असं कुठंच म्हटलेलं नसतं. ती अट आपणच मनानं घातलेली असते.

आज हीच कोडी आपल्या मुलामुलींच्या भाकरीचा प्रश्न होऊन बसली आहेत. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी आहे, तलाठी भरतीत आहे, बँकेच्या भरतीत आहे आणि लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत तर त्यासाठी जवळजवळ वेगळा पेपरच आहे. कार्यक्षेत्रातल्या कितीतरी घरांतून ऊसबिलातला हिस्सा पुण्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावच्या खोलीभाड्याला, खानावळीला आणि क्लासला जातो. म्हणून या विषयावर चार शब्द सभासदांच्या अंकात लिहावेत असं आम्हांला वाटलं. निमित्त मात्र आमच्याच ऑफिसात घडलं.

पंचवीस सोडवलेस कशाला?

ऊसबिल वाटपाच्या दिवशी एक सभासद गट ऑफिसात आले. बरोबर मुलगा होता. सभासदांनी खिशातून रबर लावलेल्या काट्याच्या पावत्या काढल्या, बिलाशेजारी ठेवल्या आणि मिनिटभरात एका ओळीवर बोट ठेवलं. भरलेली गाडी 18.640 टन, रिकामी 5.210, म्हणजे निव्वळ 13.430. बिलात मात्र 12.430 आले होते. एका आकड्याची चूक, पण टनाचा फरक. कारकुनानं लगेच दुरुस्ती केली.

मग चहा घेताना मुलाचा विषय निघाला. मुलगा हुशार, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेला बसलेला. पहिला पेपर बरा गेला, दुसऱ्यात अडकला. हा दुसरा पेपर, ज्याला मुलं 'सीसॅट' म्हणतात, 2011 साली सुरू झाला आणि 2015 पासून फक्त पात्रतेपुरता आहे. 80 प्रश्न, 200 गुण, दोन तास. 33 टक्के म्हणजे 66 गुण मिळाले की झालं. पण ते मिळाले नाहीत, तर पहिल्या पेपरात कितीही गुण असले तरी उपयोग नाही. आपल्या राज्य आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेतही दुसरा पेपर असाच पात्रतेपुरता झाला आहे.

आम्ही विचारलं, "किती सोडवलेस?"

"पंचावन्न."

"बरोबर किती आले?"

"उत्तरतालिकेवरनं तीस."

वडील चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "मग पंचवीस सोडवलेस कशाला?"

मुलगा गप्प झाला. आम्ही कागदावर हिशेब मांडला. एका बरोबर उत्तराला अडीच गुण, तिसाचे 75. एका चुकीला त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे 0.83 वजा, पंचवीस चुकांचे 20.83. हाती राहिले 54.17. लागत होते 66. ते पंचवीस प्रश्न हातच लावला नसता तर 75 गुणांनी पोरगा पार झाला असता. वर्ष गेलं ते न आलेल्या प्रश्नांमुळं नव्हे, तर न आलेले सोडवल्यामुळं.

बाप पावत्या वाचतो, लेक प्रश्नपत्रिका वाचतो. काम एकच आहे: कागदावर आहे तेवढंच वाचायचं आणि प्रत्येक आकड्याला जाब विचारायचा. हे ज्या घरात शिकवता येतं, त्या घरानं ते शिकवावं, एवढंच आमचं म्हणणं आहे. आता एकेक प्रकार पाहू.

गावातलं खरं आणि कागदावरचं खरं

परीक्षेत दोन विधानं देतात आणि निष्कर्ष निघतो का ते विचारतात. समजा असं दिलं:

सर्व सभासद ऊस पिकवतात. ऊस पिकवणारे काही जण ठिबक वापरतात. म्हणून काही सभासद ठिबक वापरतात.

शंभरातले नव्वद जण म्हणतील, बरोबर! शेजारच्याच सभासदाच्या रानात ठिबक आहे, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण उत्तर आहे: निष्कर्ष निघत नाही. ठिबकवाले सगळेच्या सगळे बिगरसभासद असू शकतात. दिलेली विधानं त्याला आड येत नाहीत. गावात काय खरं आहे हे परीक्षक विचारतच नाही. कागदावरच्या दोन ओळींतून काय सुटतं तेवढंच तो विचारतो.

यावर उपाय म्हणजे गोल काढणं. जॉन वेन या इंग्रज गृहस्थांनी 1880 साली ही गोलांची रीत मांडली, ती आता शाळेत शिकवतात. ऊस पिकवणाऱ्यांचा मोठा गोल काढा, त्याच्या पोटात सभासदांचा लहान गोल. ठिबकवाल्यांचा गोल मोठ्याला कुठंतरी छेदला पाहिजे, पण लहानाला लागलाच पाहिजे असं नाही. तो न लावता चित्र जमलं, की निष्कर्ष पडला. चित्र मोडून पाहण्याची ही सवय लागली म्हणजे मनातलं गाव प्रश्नपत्रिकेत शिरत नाही.

नात्यांच्या प्रश्नांतही हेच. एका बाईकडे बोट दाखवून मुलगा म्हणतो, "हिच्या आईचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझे वडील." ती कोण? वडिलांची बहीण, म्हणजे आत्या. इथं आपली भाषा आपल्या मदतीला येते. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांना एकच शब्द आहे; मराठीत नातं उच्चारलं की बाजू कळते. म्हणून प्रश्न इंग्रजीत असला तरी नातं कागदावर मराठीत मांडावं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि पिढी बदलली की खालची ओळ. तोंडी सोडवायला जाऊ नये.

काट्यापुढची रांग

बँकेच्या परीक्षेत बैठकीची कोडी फार येतात. कोण कुणाच्या शेजारी, कोण कुणाच्या मागं. आपण ती यार्डात मांडू. काट्यापुढं पाच ट्रॅक्टर एका रांगेत उभे आहेत: लाल, निळा, पिवळा, हिरवा आणि पांढरा. माहिती अशी:

1. निळा लालच्या लगेच मागं आहे.
2. लाल हिरव्याच्या पुढं आहे आणि त्या दोघांच्या मध्ये बरोबर दोन ट्रॅक्टर आहेत.
3. पिवळा मधोमध आहे.

सर्वात शेवटी कोण?

नवखा मुलगा पहिल्या अटीपासून सुरू करतो आणि गोंधळतो, कारण लाल-निळ्याची जोडी चार जागी बसू शकते. जाणता मुलगा आधी पक्की अट शोधतो. तिसरी अट पक्की आहे: पिवळा तिसऱ्या जागी. तो लिहून टाकायचा. मग सर्वात आवळलेली अट घ्यायची, म्हणजे दुसरी. लाल आणि हिरव्यामध्ये दोन ट्रॅक्टर, म्हणजे लाल पहिला तर हिरवा चौथा, किंवा लाल दुसरा तर हिरवा पाचवा. दोनच शक्यता. दोन्ही एकाखाली एक मांडायच्या आणि पहिल्या अटीनं तपासायच्या. लाल दुसरा धरला तर निळा तिसरा हवा, पण तिथं पिवळा उभा आहे. ही शक्यता गेली. राहिली ती खरी: लाल, निळा, पिवळा, हिरवा, पांढरा. शेवटी पांढरा.

यात हुशारीपेक्षा शिस्तच जास्त आहे. पक्कं आधी, आवळलेलं नंतर, सैल शेवटी. शक्यता दोन असतील तर दोन्ही लिहायच्या. एक मनात आणि एक कागदावर असं करायचं नाही. आणि 'पुढं' म्हणजे 'लगेच पुढं' नव्हे. ज्या अटीत 'लगेच' लिहिलंय तिथंच ते धरायचं. शेळी परत न आणण्यासारखी ही मनानं घातलेली अटच पुष्कळांना बुडवते.

वेळेचंही भान हवं. आयबीपीएसच्या बँक अधिकारी पूर्वपरीक्षेत तर्कशक्तीचे 35 प्रश्न आणि 20 मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला 34 सेकंद. एका कोड्यावर पाच प्रश्न असले तर त्या कोड्याला तीन मिनिटांच्या आतच वेळ. दोन मिनिटांत मांडणी धरली नाही तर उठून पुढं जावं. जिथं गाडी रुतली तिथंच बैल मारत बसू नये.

तक्ता वाचण्याची रीत

आता आकड्यांचे तक्ते. हे तर आपलं रोजचं खाद्य. वार्षिक सभेच्या अहवालात पानंच्या पानं तक्ते असतात. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत:

अ गट: 100 एकर, 4,000 टन
ब गट: 50 एकर, 2,500 टन
क गट: 250 एकर, 8,750 टन

पहिला प्रश्न: सर्वात जास्त ऊस कोणाचा? क गटाचा. दुसरा: एकरी उतारा कोणाचा चांगला? इथं भागावं लागतं. अ चा 40 टन, ब चा 50, क चा 35. जास्त ऊस घालणारा गट एकरी सर्वात मागं आहे. 'एकूण' आणि 'एकरी' या दोन शब्दांत परीक्षक मुलांना पाडतो.

तिसरा प्रश्न: तिन्ही गटांची मिळून एकरी सरासरी किती? घाईत मूल 40, 50 आणि 35 ची बेरीज करून तिनानं भागतं आणि 41.67 लिहितं. ते उत्तर पर्यायांत हटकून छापलेलं असतं! खरं उत्तर: एकूण 15,250 टन भागिले एकूण 400 एकर, म्हणजे 38.125 टन. क गटाचं रान पाचपट मोठं असताना त्याला ब गटाइतकंच वजन कसं देता येईल? हंगामाच्या सुरुवातीचा कमी साखर उतारा आणि भर थंडीतला चांगला उतारा यांची सरासरीही किती टन गाळप कधी झालं हे पाहूनच निघते. सभासदाला हे अनुभवानं ठाऊक असतं. परीक्षेतल्या मुलाला आठवण करून द्यावी लागते.

चौथा: एकूण उसात क गटाचा हिस्सा किती टक्के? पर्याय 47, 57, 67 आणि 77. इथं लांबलचक भागाकार करायचा नाही. 15,250 चे निम्मे 7,625. क गटाचे 8,750, म्हणजे निम्म्याहून 1,125 जास्त. एकूणचे दहा टक्के 1,525; त्यापेक्षा 1,125 कमी, साधारण सात टक्के. उत्तर 57. पर्याय दूरदूर असतील तिथं अंदाज पुरे.

आणि सर्वात आधी तक्त्याचा मथळा आणि खालची तळटीप वाचावी. आकडे टनात आहेत की क्विंटलमध्ये, हजारात की लाखात, हे तिथंच असतं. उत्तर दहापट चुकण्याचं कारण बहुधा गणितात नसतं, न वाचलेल्या मथळ्यात असतं.

एक टक्का म्हणजे किती?

टक्केवारीत दोन फसव्या जागा आहेत. पहिली आपल्या जिव्हाळ्याची. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं 10.25 टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागं 355 रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावर प्रत्येक 0.1 टक्का वाढीव उताऱ्याला 3.46 रुपये. आता उतारा 10.25 वरून 11.25 झाला तर आपण बोलताना म्हणतो, 'उतारा एक टक्क्यानं वाढला.' मग दरही एक टक्क्यानं वाढेल का? नाही. दहा वेळा 3.46, म्हणजे 34.60 रुपये वाढतील. 355 चे 389.60 होतील, टनाला 3,896, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ही वाढ जवळजवळ पावणेदहा टक्के झाली. कारण 10.25 वर 1 ही वाढ मुळातच पावणेदहा टक्क्यांची आहे. उतारा 'एक अंकानं' वाढला आणि 'एक टक्क्यानं' वाढला या दोन वेगळ्या गोष्टी. परीक्षेत हा भेद हमखास विचारतात, आणि वर्तमानपत्रंही त्यात चुकतात.

दुसरी फसवी जागा: ऊस 20 टक्क्यांनी वाढला आणि पुढच्या साली 20 टक्क्यांनी घटला, तर मूळ जागी आला का? 100 चे 120 झाले, 120 चे 20 टक्के म्हणजे 24 गेले, राहिले 96. चार टक्क्यांनी घटच झाली. टक्का कशाचा, हा प्रश्न दर वेळी विचारला तर चूक होत नाही.

माहिती पुरेशी आहे का?

काही प्रश्नांत उत्तर काढायचंच नसतं. फक्त सांगायचं असतं की दिलेल्या माहितीवरून उत्तर निघेल की नाही. उदाहरण आपल्या काट्यावरचंच. प्रश्न: गाडीत ऊस किती? पहिलं विधान: भरलेल्या गाडीचं वजन 18.640 टन. दुसरं विधान: रिकाम्या गाडीचं वजन 5.210 टन. एकट्या पहिल्यानं निघत नाही, एकट्या दुसऱ्यानं निघत नाही, दोन्ही मिळून निघतं. उत्तर हेच. इथं वजाबाकी करत बसणारा मुलगा वेळ घालवतो. रिकामं वजन झाल्याशिवाय पावती पुरी होत नाही हे आपल्या चिटबॉयलाही कळतं. तीच नजर इथं लागते.

न आलेला प्रश्न सोडण्याचा हिशेब

आता त्या पंचवीस प्रश्नांकडे परत येऊ. चार पर्याय असताना डोळे मिटून चार प्रश्नांना खूण केली, तर सरासरीनं एक बरोबर येतो आणि तीन चुकतात. आयोगाच्या हिशेबात अडीच मिळाले आणि तीन वेळा 0.83, म्हणजे अडीचच गेले. हाती शून्य. त्यातून नशीब आडवं आलं तर त्या मुलासारखी गत. पण चारांतला एक पर्याय खात्रीनं खोडता आला, तर तीन प्रश्नांत अडीच मिळतात आणि 1.67 जातात, थोडा फायदा. दोन खोडता आले तर फायदा आणखी. म्हणून नियम साधा: काही खोडता येत असेल तरच खूण करा, नाहीतर सोडा. बँकेच्या परीक्षेत वजावट चौथ्या हिश्श्याची असते, काही परीक्षांत ती नसतेच. तिथं एकही प्रश्न कोरा ठेवू नये. जाहिरातीत हे छापलेलं असतं. ती जाहिरात मुलानं मोठ्यानं वाचावी आणि घरच्यांनी ऐकावी.

घरच्यांनी काय करावं?

आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार, असं पुष्कळ सभासद म्हणतात. आमचं सांगणं असं की वही आणि तीन प्रश्न पुरे आहेत. सराव पेपर झाला की मुलाला विचारा: बरोबर किती, चूक किती, सोडले किती? हे तीन आकडे तारीख घालून, पावत्या जपता तसे, एका वहीत लिहून ठेवायला सांगा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं कारण लिहू द्या: नीट वाचलं नाही, रीत आली नाही, वेळ संपला, की अंदाज मारला? महिन्याभरात वहीच सांगेल की खोट कुठं आहे. 'वाचलं नाही' जास्त असेल तर क्लास बदलून काही होणार नाही. 'रीत आली नाही' जास्त असेल तर शिकवणारा हवा.

ही वही आणखी एका कामाला येते, आणि ते काम अवघड आहे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी समोर असल्या की पुढचं वर्ष द्यायचं की नाही हे रागानं किंवा आशेनं ठरत नाही, आकड्यांनी ठरतं. आकडे चढत असतील तर खोडव्याला जसं खत घालतो तसं आणखी एक वर्ष घाला. एकाच जागी थांबले असतील तर पोराला दोष न देता दुसरी वाट धरू द्या. रान बदललं म्हणून शेतकरी हरत नाही.

तो मुलगा परवा यार्डात भेटला. हातात वही होती. पहिल्या पानावर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सोडवलेस कशाला?' निकाल काय लागेल ते पुढं कळेल. पण वडिलांच्या काट्याच्या पावत्या आणि मुलाची वही आता घरात एकाच फडताळात राहतात, असं त्यानं सांगितलं. ते ऐकून आम्हांला समाधान वाटलं.